तुरीचे एकशे आठ दाणे

परवा ऑफिसात असताना रायपूरहून फोन आला. पलीकडून 'हॅलो' नाही, 'कशी आहेस' नाही. थेट प्रश्न.

"आवक आली का वं?"

"आली काका. कालच आली," मी म्हणाले. "पाच लॉट आहेत यंदा."

"माल कसा वाटते?"

"दोन कथ्थक, एक ओडिसी, एक भरतनाट्यम, आणि एक काहीतरी नवीनच आहे. पाच जणींचं एकत्र."

"पाच जणींचं म्हणजे मिक्स माल. पाहून घेऊ. खिडकी कधी उघडते?"

"रविवारी. पण काका, आता मोबाइलवरही होतं बुकिंग."

"मोबाइलवर रिकामं स्टेज दिसते का?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी नोकरी सांभाळून धान्याची दलाली करते, असा त्यांचा समज झाला असणार. त्यांना काय सांगणार? आवक म्हणजे आमच्या शहरात दर वर्षी दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या नृत्यमहोत्सवाचं पत्रक, आणि फोनवरचे गृहस्थ म्हणजे माझे पूर्वीचे घरमालक. कळमन्याच्या धान्यबाजारात त्यांनी चाळीस वर्षं मापाडी म्हणून काम केलं. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला देताना मधे उभं राहून तोलणारा माणूस. मला नाच बघायला त्यांनी शिकवलं.

मी कुही तालुक्यातल्या एका गावची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा बाबा मला घेऊन नागपुरात खोली शोधायला आले. कळमना बाजाराच्या मागच्या गल्लीत एका घराच्या ओट्यावर पांढरा सदरा-पायजमा घातलेले एक किडकिडीत गृहस्थ सुपात तूर घेऊन निवडत बसले होते. त्यांनी खोलीचं बोलणं काढलंच नाही.

"कुठले?"

"कुहीकडचे," बाबा म्हणाले.

"धान?"

"हाव, धानच."

"यंदा कसं उतरलं?"

पुढचा अर्धा तास दोघं धानावर बोलले. मी बॅग धरून उभी. शेवटी काकांनी सूप बाजूला ठेवलं.

"खोली पाहून घ्या. अट एकच आहे. दिवाळीनंतर महिन्यातून एकदा, असं पाच वेळा, हिले माझ्यासंगं नाच पाहाले यावं लागन."

बाबांनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि ते उठायलाच निघाले. "कायचा नाच?"

आतून काकू धावत आल्या, हाताला पीठ. "घाबरू नका वो भाऊ! स्टेजवरचा नाच आहे, घुंगरू बांधून करतेत तो. यायले येड लागलं आहे त्याचं. मी जात नाही म्हणून भाडेकरू धरून नेतेत. याच्या आधी बँकेतला पोट्टा होता, तो दोन नाच पाहून बदली मागून गेला."

"पण एकटे काहून नाही जात तुम्ही?" बाबांनी विचारलं.

काकांनी बाबांकडे नवलानं पाहिलं. "तुम्ही शेतकरी माणूस, तुम्हाले सांगावं लागते? काट्यापाशी कधी एकटा माणूस पाह्यला? तोलणारा एक, पाहणारा एक. साक्षीदार लागते ना गा."

बाबांना हे एकदम पटलं. त्यांनी बॅग खाली ठेवली. मला त्या घरात खोली मिळाली ती अशी, साक्षीदार म्हणून.

काकांच्या घरात कुठलीही मोजणी एकपासून सुरू होत नसे. बाजारातल्या जुन्या पद्धतीप्रमाणे पहिलं माप 'लाभ'. मग दोन, तीन, चार. काकू ताटात पोळ्या वाढायच्या तेव्हा काका मोजायचे, "लाभ, दोन, तीन, बस." वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीला सतरा पायऱ्या होत्या. लाइट गेले की काका अंधारात "लाभ, दोन" करत वर यायचे आणि मेणबत्ती देऊन तसेच मोजत उतरायचे.

दुसरी सवय याहून विचित्र होती. मापाड्यानं तोलण्याआधी पारडं रिकामं असल्याचं शेतकऱ्याला दाखवायचं, असा रिवाज. काका तो सगळीकडे पाळत. चहाचा कप आधी उलटा करून दाखवायचे, मग काकूंसमोर धरायचे. भाजीवाल्यापुढे पिशवी झटकायचे. माझ्या स्कूटीवर मागे बसण्याआधी हेल्मेट उलटं करून त्यात दोन टिचक्या मारायचे.

"हेल्मेटात काय गहू राहते का?" काकू दारातून ओरडायच्या.

"तुले काय मालूम काय राहते ते," काका म्हणायचे. "आधी रिकामं दाखवा, मंग भरा. जगातले अर्धे भांडणं रिकामं न पाहिल्यानं होतेत."

मला त्यात हसण्यासारखं फारसं वाटलं नाही. आमच्या प्रयोगशाळेतही मातीचा नमुना ठेवण्याआधी तराजू शून्यावर आणावा लागतो. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की काकूंना बोलावून म्हणाले, "ऐक. बीएस्सीमधी पण हेच शिकवतेत."

पोळा झाला की त्यांना पत्रकाचे वेध लागत. रोज संध्याकाळी मी गाडी लावायच्या आत विचारायचे, "आवक?" सीताबर्डीजवळच्या त्या सभागृहाच्या पाटीवर पत्रक लागलं की मी एक प्रत घेऊन यायची. काका आधी तो कागद दोन बोटांत चोळून बघत, गव्हाचा दाणा चोळून बघावा तसा. मग चष्मा लावून ओसरीत बसत. एकेक नाव वाचायचं आणि डोळे मिटून आठवायचं. "ही मागं आली होती. सुका माल. एकदम कडक." "ही चेहऱ्यानं लय बोलते, पायानं कमी. ओलावा जास्त." एखादीसाठी मोठी दाद असे : "ही झुकतं माप देते." म्हणजे ठरल्यापेक्षा थोडं जास्तच प्रेक्षकाच्या पदरात टाकते.

बुकिंगच्या दिवशी खिडकी दहाला उघडायची आणि काका सहालाच माझं दार वाजवायचे. आम्ही रांगेत पहिले. बऱ्याचदा रांगेत आम्हीच. खिडकीवरचे बाबू काकांना ओळखून होते. न विचारता ते किल्ल्या घेऊन उठायचे, कारण रिकामं स्टेज पाहिल्याशिवाय काका पास घेत नसत. अंधाऱ्या सभागृहात शिरून ते दोन मिनिटं त्या उघड्या लाकडी फळ्यांकडे बघत उभे राहायचे. मग मान हलवायचे. "हं. आता लिहा." तिसरी रांग, डाव्या टोकाच्या दोन खुर्च्या. तबला वाजवणाऱ्याचे हात तिथूनच नीट दिसतात म्हणून. पास सदऱ्याच्या आतल्या खिशात गेला की आम्ही तर्री-पोहे खायला जायचो, आणि त्या दिवसापासून काकांचा चेहरा दिवाळी जवळ आलेल्या लहान मुलासारखा व्हायचा.

पहिल्या कार्यक्रमाला मी गेले ती संकोचून. नाच म्हणजे मला शाळेचं स्नेहसंमेलन माहीत, किंवा आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतली दंडार, ज्यात गावातलेच पुरुष लुगडी नेसून नाचतात. इथे माझ्या आजूबाजूला रेशमी साड्यांतल्या बायका होत्या आणि त्या कुठे मान डोलवायची ते जाणत होत्या. मला वाटलं, हे शिकलेल्यांचं काम आहे, आणि मी शिकले असले तरी असली शिकलेली नाही.

काका माझ्या कानाशी वाकले. "लोकाइकडे नको पाहू. काट्याकडे पाहा. एका पारड्यात तबला, एका पारड्यात पाय. आता दोन्ही वर-खाली होऊन राहिले ना? होऊ दे. घाबरू नको. मधोमध येते का ते पाह्य."

मी पाहत राहिले. ती बाई आणि तो तबलजी एकमेकांपासून लांब लांब गेले, इतके की आता काही हे जमत नाही असं मला वाटलं, आणि मग एकाच ठोक्यावर दोघं थांबले. काट्याची सुई मधोमध उभी. मी खुर्चीतल्या खुर्चीत उडालेच. काका माझ्याकडे बघून हसले. "समजलं ना? याले ते सम म्हणतेत. आपण बराबर म्हणतो."

त्यानंतर मला कुठल्याही सभागृहात परकं वाटलं नाही. हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही.

काकांना तरी हे वेड कुठून लागलं? त्यांच्या तरुणपणी एका व्यापाऱ्याला कुणीतरी पास दिला होता, त्याला नको होता, तो त्यानं काट्यावरच्या पोराला, म्हणजे काकांना, देऊन टाकला. काका सांगायचे, "मी म्हटलं, पंखे असतीन, बसून येऊ. बसलो. आन् ते बाई उभी राह्यली, आन् पायानं मोजून राहिली, मोजून राहिली, एक दाणा इकडं ना तिकडं. मी म्हटलं, बाप्पा, हे तं आपल्यातलीच आहे!"

आता त्या एकशे आठचं सांगते.

कथ्थकमध्ये गिरक्या घेतात त्यांना चक्कर म्हणतात. त्या मोजायला काका तुरीचे दाणे वापरत. डाव्या खिशात दाणे. प्रत्येक चक्कराला अंगठ्यानं एक दाणा उचलून उजव्या खिशात. हात इतका सवयीचा की डोळे स्टेजवरून हलत नसत. घरी येताना ते आकडा सांगायचे, "आज बावन्न," आणि काकू म्हणायच्या, "उद्या त्याच तुरीचं वरण करते."

माझ्या पहिल्या हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमाला पुण्याच्या एक नर्तिका होत्या. काकांच्या 'झुकतं माप' यादीतल्या. शेवटी त्यांनी माइक घेऊन सांगितलं की आता त्या ओळीनं एकशे आठ चक्कर घेणार आहेत. काकांना हे पत्रकावरून आधीच कळलं होतं. घरून त्यांनी मोजून बरोबर एकशे आठ दाणे खिशात आणले होते.

सुरुवात झाली. घेर फुलला, तबला वेगात. मी श्वास धरून बघत होते, मोजणं माझ्या डोक्यातही नव्हतं. त्या बाई थांबल्या, ठाम, दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारख्या. टाळ्या सुरू व्हायच्या आधी एक क्षणभर पूर्ण शांतता असते. त्याच शांततेत काका उठून उभे राहिले, डावा हात वर, चिमटीत तुरीचा एक दाणा, आणि बाजारातल्या चढ्या आवाजात ओरडले :

"हात थांबवा! एक कमी आहे!"

सभागृहातली सगळी डोकी आमच्याकडे वळली. स्टेजवरच्या बाई धापा टाकत आमच्या दिशेनं बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण रंग उतरला होता. ते मला अजून दिसतं. काका माझ्याकडे वळले. "तू साक्षीदार. तू मोजले?"

"नाही काका."

"मंग काय करून राहिली होती?"

"बघत होते."

मग टाळ्या झाल्या, जरा जास्तच जोरात, आमचा आवाज बुडवायला. बाहेर पडताना आयोजकांचे सचिव आडवे आले. "काका, हे धान्याचं मार्केट नाही," एवढंच म्हणाले. काकांनी मान वर ठेवून उत्तर दिलं, "मार्केटात असं होत नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर काका ओट्यावर बसलेले. समोर सूप. सुपात दाण्यांच्या दहा-दहाच्या ढिगल्या. चहा गार झालेला.

"उजव्या खिशात किती पाह्यजे होते?" त्यांनी विचारलं.

"एक कमी होता म्हणजे... एकशे सात."

"एकशे आठ आहेत. तीनदा मोजले." मग त्यांनी मूठ उघडली. त्यात कालचा तो दाणा होता, सुपातल्या दाण्यांपेक्षा काळपट. "बाकी सारी या सालची नवी तूर आहे. हा जुना आहे. मागच्या नाचाच्या वेळचा. खिशाच्या शिवणीत अडकून राह्यला होता. त्या बाईनं पुरे एकशे आठ दिले." दाणा सुपाच्या कडेला ठेवून ते म्हणाले, "साऱ्या दुनियेले रिकामं दाखवाले सांगतो. आन् मीच खिसा उलटा नाही केला."

काकू दारात होत्या. त्यांनी या वेळी चेष्टा केली नाही. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "जाऊ द्या ना. कोणाले मालूम पडन?"

"मले पडलं ना," काका म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून पत्र लिहायला सांगितलं. माझं अक्षर चांगलं आणि मी ग्रॅज्युएट, म्हणून. मजकूर त्यांचाच : "बाईसाहेबांना नमस्कार. काल एक कमी म्हणून जो ओरडला तो मी. तुमचं माप पूर्ण होतं. खोट माझ्या खिशात होती. मापाडी म्हणून चाळीस वर्षं काढली, अशी चूक केली नाही. माफी असावी." मी 'क्षमस्व' लिहू का विचारलं तर म्हणाले, "नको. ते लग्नपत्रिकेसारखं वाटते." पत्ता माहीत नव्हता, म्हणून पाकिटावर त्या बाईंचं नाव घालून ते आयोजकांच्या ऑफिसात दिलं.

उत्तर आलं नाही. उन्हाळा गेला, पोळा झाला. त्या वर्षी मी गाडी लावताना ओट्यावरून कुणी "आवक?" विचारलं नाही. पत्रक मीच आणलं. काकांनी ते चोळलं, वाचलं, घडी करून मला परत दिलं.

"माल चांगला आहे. तू जाय."

"आणि तुम्ही?"

"मापाड्याचा काटा खोटा निघाला तं तो एक हंगाम काट्यावर बसत नाही. आमच्यात असंच होतं. कोणी सांगो न सांगो, स्वतःच उतरायचं. आन् त्यानंतरही, ज्याचा माल चुकीचा तोलला त्यानं हो म्हटल्याशिवाय वापस चढायचं नाही."

"पण त्यांचं उत्तरच नाही आलं."

"मंग नाही."

बुकिंगच्या सकाळी मात्र सहाला दार वाजलं. काका तयार होते. रांगेत उभे राहिले, रिकामं स्टेज पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि बाबूंना सांगितलं, "तिसरी रांग, डावं टोक, दोन. एक हिचा आन् एक आमच्या घरच्यांचा."

काकूंनी आकांडतांडव केलं. "मी? मी काय त्या नाचाले येऊ! मले त्यातलं काय समजते?"

"साक्षीदाराले समजावं लागत नाही. डोळे उघडे ठेवावं लागते."

तर त्या हंगामात आमची वरात अशी निघायची : मी आणि काकू स्कूटीवर, आणि काका मागून मेट्रोनं. आम्ही आत जायचो. काका सभागृहाच्या बाजूच्या दाराबाहेर कठड्यावर चौकीदाराशेजारी बसायचे. त्या दारातून घुंगरांचा आणि तबल्याचा आवाज येतो, दिसत काही नाही. माझ्या ओढणीच्या गाठीत त्यांनी मोजून दाणे दिलेले असायचे. आधी रिकामी ओढणी झटकून दाखवावी लागे. मी मोजायची. बाहेर आल्यावर तेही आपला आकडा सांगायचे, नुसत्या ऐकून केलेल्या मोजणीचा, आणि आमचे आकडे जुळले की चौकीदारच जास्त खूश व्हायचा.

काकूंचं मात्र वेगळंच झालं. पहिल्या कार्यक्रमाहून त्या बाहेर आल्या त्या अखंड बोलतच. "काय साडी होती वो तिची! मोरपंखी! आन् ते कृष्णाचं केलं ना, दही चोरते ते, मी तं म्हटलं आता खरंच मडकं फुटते!"

"चक्कर किती झाले?" काका कठड्यावरून.

"मले काय मालूम. डोळ्यातून पाणी येऊन राहिलं होतं मले."

"आन् सम?"

"कोण सम?"

काकांनी कपाळाला हात लावला. पण घरी गेल्यावर त्यांनी काकूंना दही चोरण्याचं पुन्हा सांगायला लावलं, आणि ते दुसऱ्या दिवशीही. पुढच्या महिन्यापासून काकू सकाळपासूनच तयारीला लागायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षं हा माणूस बलावत होता वं मले. मले वाटे, तिथं बसून हिशेबच करत असन." मग म्हणाल्या, "तो बाहेर बसून राह्यला, आन् मी त्याच्या खुर्चीत. बरं नाही वाटत पोरी. तू कर काही."

काय करणार? शेवटच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात मी धीर करून आयोजकांच्या ऑफिसात गेले. तेच सचिव होते. मागच्या वर्षी एक पत्र दिलं होतं, ते पाठवलं का, म्हणून विचारलं. त्यांनी टेबलाचा खण उघडला. आमचं पाकीट तिथेच होतं, बंद, वर माझ्या चांगल्या अक्षरात त्या बाईंचं नाव.

"मला वाटलं, तक्रारीचं असेल," ते म्हणाले. "कलाकाराला कशाला त्रास, म्हणून ठेवून दिलं."

मी आयुष्यात कधी साहेबमाणसाशी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशीही नीट चढला नाही. मी म्हणाले, "सर, ते माफीचं पत्र आहे. आणि ज्यांनी लिहिलंय ते वर्षभर उत्तराची वाट बघतायत. आता तुमच्या बाजूच्या दाराबाहेर कठड्यावर बसलेत." सचिव उठून खिडकीशी गेले. काका चौकीदाराशेजारी बसले होते, डोळे मिटलेले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, मध्यंतर असूनही. सचिव बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पत्ता देतो. तुम्हीच टाका. आजच टाका."

पंधरा दिवसांत उत्तर आलं. मी ते ओट्यावर काकांना वाचून दाखवलं. पत्र छोटंच होतं. बाईंनी लिहिलं होतं :

"तुमचं पत्र फार उशिरा मिळालं. त्या संध्याकाळी तुम्ही 'एक कमी' म्हणालात आणि मी घाबरले, कारण शेवटच्या काही चक्करांत माझं मन एक क्षण ढळलं होतं. एक कमी झालं असावं, असं मला गेलं वर्षभर वाटत होतं. त्यानंतर मी एकशे आठ कुठेच केले नाहीत. आता करीन. समोर बसून कुणी मोजतं आहे, हे कळलं तर बरंच वाटतं. तुमची खुर्ची सोडू नका."

काकांनी पत्र हातात घेतलं, दोन बोटांत चोळलं. मग आत बघून हाक मारली, "ऐकलं का वं? हे बाई म्हणते, तिचं वजन आपल्यामुळं पुरं झालं."

"अजून एकदा वाच वं पोरी," काकू आतूनच म्हणाल्या. मी अजून एकदा वाचलं.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी ओट्यावरून "आवक?" ऐकू आलं आणि मी गाडीचा स्टँडसुद्धा न लावता हसत उभी राहिले.

आता ते दोघं मुलाकडे रायपूरला असतात, पण हंगामात महिन्यातून एकदा नागपूरला येतात. मुलगा विचारतो, तिकडे काय नाच नाहीत का? काका म्हणतात, आहेत, पण तिथं माझा काटा नाही. मी आता माझ्या फ्लॅटमध्ये राहते. रविवारी सकाळी सहाला ते माझं दार वाजवतील, आदल्या रात्रीच्या गाडीनं निघून थेट आलेले असतील, आणि मोबाइलचा विषय मी पुन्हा काढणार नाही.

पण पत्र आल्यानंतरचं ते पहिलं बुकिंग. त्या सकाळी आम्ही तिघं गेलो होतो. खिडकी उघडली. बाबूंनी किल्ल्या उचलल्या, काकांनी रिकामं स्टेज पाहून घेतलं. परत खिडकीशी आले तेव्हा पास मागायच्या आधी त्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढून काढले, शिवणीपर्यंत उलटे केले आणि बाबूंना दाखवले. पांढरे खिसे दोन्ही बाजूंना कानांसारखे लोंबत होते. रांगेतली कॉलेजची मुलं हसली. बाबू नाही हसले. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "हं. रिकामे आहेत. किती द्यायचे, काका?"

काका वळले. आधी त्यांनी काकूंच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"लाभ," ते म्हणाले.

मग माझ्याकडे बोट. "दोन."

आणि शेवटी स्वतःच्या छातीवर, जरा थांबून.

"तीन. लिहा."